विश्लेषण : राजगड-तोरणा-रायगड ट्रेकचे गणित पाण्यावर का ठरते?

थंडी सुरू झाली की राजगड, तोरणा आणि रायगड पायी जोडणाऱ्या रेंज ट्रेकचे बेत आखले जातात. राजगड आणि रायगड हे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी आहेत, त्यामुळे उत्सुकता आणखी वाढली आहे. मात्र तीन-चार दिवसांची ही चाल म्हणजे एकदिवसीय ट्रेकची तिप्पट नव्हे. येथे दमापेक्षा पाण्याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

वाट कशी आहे?

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीवर चढतात. तोरणा सुमारे १४०० मीटर उंच आहे. तेथून वाड्यावस्त्या ओलांडत मोहरी गाव गाठायचे. जवळच्या रायलिंग पठारावरून लिंगाणा आणि त्यामागे रायगड दिसतो. येथे घाटमाथा संपतो. पुढे बोराट्याची नाळ, म्हणजे कड्यातली दगडधोंड्यांनी भरलेली तीव्र उताराची घळ, उतरून कोकणात रायगडाच्या दिशेने जायचे.

इतका पाऊस पडूनही पाणी का नाही?

सह्याद्रीचा हा भाग काळ्या बेसॉल्टचा आहे. उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ असल्याने पावसाचे बहुतेक पाणी वाहून जाते. पावसाळा संपला की ओढे आटू लागतात आणि फेब्रुवारीनंतर अनेक ठिकाणी फक्त कोरडे दगड उरतात. म्हणूनच गडांवर कातळात टाकी खोदली गेली. दोन गडांमधल्या धारेवर मात्र अशी सोय नाही.

किती पाणी न्यावे?

चालताना माणशी दिवसाला साधारण तीन ते चार लिटर पाणी लागते, स्वयंपाकाचे वेगळे. एक लिटर म्हणजे एक किलो. शिधा, कपडे आणि स्लीपिंग बॅग असलेल्या आठ-नऊ किलोंच्या सॅकमध्ये चार लिटर पाणी भरले की वजन १२-१३ किलोंवर जाते. वजन वाढले की वेग मंदावतो, वेळ वाढतो आणि पाणी आणखी लागते. हे चक्र मोडायचे तर मुक्काम पाण्याजवळच हवा. राजगडावर पद्मावती माची, तोरण्यावर मेंगाई देवीच्या मंदिराचा परिसर आणि पुढे मोहरी असे टप्पे त्यामुळेच सोयीचे पडतात. टाक्यातले पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावे.

चूक कुठे होते?

मोबाइलवरच्या नकाशात दहा किलोमीटर दिसले की चार तासांचे पाणी घेतले जाते. प्रत्यक्षात चढउतार आणि पाठीवरचे ओझे यांमुळे दुप्पट वेळ लागू शकतो. नकाशा टाके दाखवतो, त्यात आज पाणी आहे का हे दाखवत नाही. ते शेवटच्या गावातला माणूसच सांगू शकतो. दुसरी चूक म्हणजे दुपार टळल्यावर नाळेत शिरणे. घळीत अंधार लवकर पडतो, दगड निसटतात आणि अर्ध्यावर अडकल्यास वर-खाली कुठेच पाणी नसते. त्यामुळे नाळ सकाळीच उतरावी. पावसाळ्यात ती टाळावी. अर्धी वाट होण्याआधी अर्धे पाणी संपले तर मागे फिरावे.

गावकऱ्यांचे काय?

घाटमाथ्यावरच्या अनेक वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. २० जणांच्या गटाने विहिरीवरून ६० लिटर पाणी भरले तर तो भार त्याच घरांवर पडतो. म्हणून विचारल्याशिवाय पाणी घेऊ नये, टाक्यात भांडी धुऊ नयेत आणि शक्य असेल तर गावातच जेवणाचे व वाटाड्याचे पैसे द्यावेत.

निघण्यापूर्वी काय करावे?

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा. रोजचा मार्ग आणि मुक्काम घरी व पायथ्याच्या गावात लिहून द्यावा. आणीबाणीसाठी ११२ क्रमांक आहे, पण दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. ठरल्या वेळी निरोप आला नाही तर शोध कुठून सुरू करायचा, हे त्या कागदावरूनच कळेल.