दुष्काळांतील अन्न आणि दोन्ही पायांचें पांगळेपण

दुष्काळ म्हणजे अन्नाचा अभाव, एवढाच अर्थ बहुधा उदार जनतेच्या ध्यानांत असतो. परंतु पोट भरूनही, तें महिनोन्‌महिने एकाच धान्यानें भरल्यास धडधाकट मनुष्य जन्माचा पांगळा होऊं शकतो. धान्य दान करणारे व्यापारी आणि मजुरी धान्यांत चुकविणारे जमीनदार यांस ही गोष्ट ठाऊक असावी, म्हणून आम्ही हा खुलासा सादर करीत आहों.

एकाच हाताची अगर पायाची शक्ति गेली, तर कारण बहुधा त्या जागच्या इजेंत किंवा मेंदूच्या एका बाजूंत सांपडतें. दोन्ही बाजू सारख्याच दुर्बल झाल्या, तर कण्यास झालेली इजा सोडल्यास, सर्व शरीरास व्यापणारें कारण शोधावें लागतें : अन्नांतील उणीव, विष, मद्यपान किंवा मधुमेहासारखा रोग.

या विकाराचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत हातापायांचे ज्ञानतंतु झिजतात. सर्वांत लांब तंतु पायांचे, म्हणून तळव्यांस प्रथम मुंग्या येतात, बधिरता वर चढते, मग हातांची पाळी येते. सडलेल्या पांढऱ्या तांदळावरच राहणाऱ्यांस होणारा बेरीबेरी याच जातीचा. क्यूबांत १९९१ ते १९९३ च्या टंचाईंत ५०,००० हून अधिक लोकांच्या डोळ्यांच्या वा हातापायांच्या तंतूंस इजा झाली. जीवनसत्त्वें मिळतांच बहुतेक सुधारले.

दुसऱ्या प्रकारांत मज्जारज्जूंतील चालक तंतु बिघडतात. पाय बधिर होत नाहींत, ताठतात. गुडघे एकमेकांस घासतात व रोगी चवड्यांवर चालतो. प्रथम एक काठी लागते, मग दोन, शेवटीं जमिनीवर सरकणें नशिबीं येतें. लाखेच्या डाळीनें होणारा विकार तो हाच. विदर्भांत तिला लाखोळी म्हणतात, उत्तरेकडे खेसारी. इतर पिकें बुडालीं तरी ती तगते, म्हणून तीच गरिबाच्या पानांत पडते. सागर प्रांतांत १८२९ पासून तीन वर्षें गहू बुडाला व लोक हिच्यावर जगले; १८३३ पासून तरुण माणसें कमरेखालीं लुळीं पडूं लागलीं, असें स्लीमन यांनीं लिहून ठेविलें आहे. पुढें रीवा भागांत वेठीच्या मजुरांस मजुरींत हेंच धान्य मिळे, आणि पांगळेपण त्यांच्याच घरीं शिरलें.

या डाळींतील विष भारतीय शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं निराळें काढलें. इतर धान्याबरोबर थोडी डाळ खाल्ल्यानें सहसा अपाय होत नाहीं. दोनतीन महिने तोच मुख्य आहार झाला म्हणजे धोका. डाळ भरपूर पाण्यांत उकडून तें पाणी टाकल्यास विष कमी होतें, पण समूळ जात नाहीं. आणि एकदां गेलेली पायांची शक्ति कोणत्याही औषधानें परत येत नाहीं.

यास्तव आमची नम्र विनंती तीन गोष्टींची. दान एकाच धान्याचें नसावें. ज्वारी, गहू, निरनिराळ्या डाळी व शक्य तेथें भाजीपाला असावा. मजुरी केवळ लाखेंत चुकवूं नये. आणि मदत पहिल्या दोन महिन्यांच्या आंत पोंचावी. उशिरां आलेल्या धान्यानें जीव वांचेल, पाय वांचणार नाहींत.