यजमान संगणक आणि त्याचे पाहुणे
यूएसबी द्वाराच्या वीजपुरवठ्याचा हिशेब

तळहाताएवढ्या बोर्डावर मांडलेला संपूर्ण संगणक आता अनेक शाळांच्या प्रयोगशाळांत आढळतो. त्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक अनुभव पुष्कळदा येतो. कळफलक जोडला, तो चालला. माऊस जोडला, तोही चालला. नंतर माहिती साठविण्याची हार्ड डिस्क जोडताच पडदा काळा होतो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कधी डिस्क क्षणभर दिसून नाहीशी होते, तर कधी तिच्यावर लिहिली जाणारी माहिती अर्धवट राहून निकामी होते. विद्यार्थी आज्ञावलीत चूक शोधतात किंवा डिस्कच सदोष ठरवितात. परंतु दोष पुष्कळ वेळा या दोहोंतही नसतो. तो विजेच्या हिशेबात असतो. हा हिशेब कसा मांडावा, हे येथे पाहावयाचे आहे.

चार तारांचे काम

यूएसबी ही जोडणीची पद्धती १९९६ साली प्रचारात आली. तिच्या मूळच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. त्यांपैकी दोन तारा संदेशांची ने-आण करतात. तिसरीवर ५ व्होल्टचा विद्युत्दाब असतो आणि चौथी परतीच्या प्रवाहाची वाट होय. जोडलेल्या उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाला ‘यजमान’ म्हणतात. हे नाव मोठे समर्पक आहे. यजमानाने पाहुण्याशी केवळ गोड बोलून भागत नाही. त्याच्या भोजनाची तजवीजही त्यालाच करावी लागते.

या भोजनाचे माप ठरलेले आहे. २००० साली निघालेल्या यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे १०० मिलिअँपिअर प्रवाह हा एक वाटा मानला जातो. नव्याने जोडलेल्या उपकरणाने आरंभी एकाच वाट्यावर संतोष मानावयाचा असतो. अधिक हवे असल्यास ते यजमानाला आपली गरज कळविते, आणि अनुमती मिळाल्यावर पाच वाट्यांपर्यंत, म्हणजे ५०० मिलिअँपिअरपर्यंत, प्रवाह घेऊ शकते. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर झाली. मात्र हा करार संदेशांतून होणारा आहे, हे विसरता कामा नये. यजमानाने अनुमती दिली म्हणून त्याच्या भांडारात तेवढी वीज असतेच असे नाही.

वाटेत घटणारा दाब

प्रवाहाइतकेच विद्युत्दाबालाही महत्त्व आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांनुसार ५०० मिलिअँपिअर देणाऱ्या द्वारापाशी दाब ४.७५ व्होल्टहून कमी असता कामा नये. ५ व्होल्टच्या पुरवठ्यात ही सवलत अवघी पाव व्होल्टची आहे. ती किती लवकर संपते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, चार्जरपासून बोर्डापर्यंतच्या केबलचा रोध, जाण्याची व येण्याची तार मिळून, ०.२ ओहम आहे. बोर्डाला स्वतःला ०.९ अँपिअर लागतात आणि कळफलक व माऊस मिळून ०.२ अँपिअर घेतात. एकूण प्रवाह १.१ अँपिअर झाला. ओहमच्या नियमाने केबलमध्ये ०.२२ व्होल्टची घट होईल व बोर्डावर ४.७८ व्होल्ट उरतील. काम कसेबसे चालेल. आता डिस्क जोडली. तिची चकती फिरू लागताना काही क्षण ०.९ अँपिअर अधिक लागले असे मानू. प्रवाह २ अँपिअर झाला, घट ०.४ व्होल्ट झाली, आणि हाती उरले ४.६ व्होल्ट. चार्जरवर ‘२ अँपिअर’ असे लिहिलेले आहे आणि ते खरेही आहे. तरीसुद्धा द्वारापाशी पाहुणा उपाशीच राहिला. म्हणूनच बारीक व लांब केबल बदलून जाड व आखूड केबल वापरली, तर एवढ्यानेच कित्येकदा काम भागते.

एका बोर्डाची कथा

या प्रश्नाचे सर्व पैलू एकाच बोर्डाच्या इतिहासात पाहावयास मिळतात. रास्पबेरी पाय हा शिक्षणासाठी तयार केलेला छोटा संगणक २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आला. त्याच्या पहिल्या बोर्डांवर प्रत्येक यूएसबी द्वाराशी १४० मिलिअँपिअरचा एक फ्यूज होता. हा फ्यूज तापला की त्याचा रोध वाढतो आणि निवला की तो पूर्ववत होतो. संरक्षणाची ही योजना चांगली होती. पण फ्यूजचा रोध नेहमीच थोडाफार असतो, आणि त्यामुळे साध्या उपकरणांनाही दाब अपुरा पडू लागला. त्याच वर्षी हे फ्यूज काढून टाकण्यात आले.

तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. चालू बोर्डात एखादे उपकरण खोचताच संपूर्ण संगणक नव्याने सुरू होई. याचे कारण असे, की उपकरणातील रिकामे धारित्र जोडणीच्या क्षणी एकदम भारित होऊ पाहते व क्षणभर मोठा प्रवाह ओढते. भरलेल्या हौदाला रिकामी घागर नळीने जोडली, तर हौदाची पातळी उतरते. हौद मोठा असेल तर ती उतरल्याचे जाणवत नाही. याचसाठी नियमांत यजमानाच्या बाजूस किमान १२० मायक्रोफॅरड, तर उपकरणाच्या बाजूस फार तर १० मायक्रोफॅरड धारिता सांगितली आहे.

२०१४ साली निघालेल्या सुधारित बोर्डावर प्रवाहाला मर्यादा घालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच बसविण्यात आला. सर्व द्वारे मिळून ६०० मिलिअँपिअर, आणि पुरवठा सक्षम असल्यास १.२ अँपिअर, अशी त्याची मर्यादा होती. दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास इशारा देण्याची सोयही त्यात आली. २०२३ सालच्या पाचव्या पिढीचा बोर्ड तर आपला पुरवठा ५ अँपिअरचा आहे किंवा नाही हे आधी पाहतो. असल्यास द्वारांना मिळून १.६ अँपिअर देतो, नसल्यास ६०० मिलिअँपिअरवरच थांबतो. आपली ऐपत पाहून आमंत्रण देणे बोर्डाला साधले ते असे, टप्प्याटप्प्याने.

जोडण्यापूर्वी बेरीज

यावरून व्यवहाराचा नियम सहज निघतो. बोर्डाची स्वतःची गरज व प्रत्येक उपकरणाची कमाल गरज यांची बेरीज करावी, तीवर काही शिल्लक ठेवावी आणि मगच पुरवठा निवडावा. जड उपकरणांसाठी स्वतंत्र वीज घेणारा हब वापरावा. ज्या हबला स्वतःची वीज नाही तो मिळालेलेच वाटे वाटून देतो. त्यात भर घालीत नाही. शेवटी, दाब मोजावयाचा तो चार्जरपाशी नव्हे, तर द्वारापाशी, आणि सर्व उपकरणे चालू असताना. कोणत्याही प्रयोगशाळेतील साधा मल्टिमीटर या कामास पुरेसा आहे. संदेशाचा दोष म्हणून जे दिसते ते पुष्कळदा विजेचे न्यून असते, हे विद्यार्थ्याने एकदा स्वतः मोजून पाहिले, की निर्दोष आज्ञावलीत चूक शोधण्याचे त्याचे कित्येक तास वाचतील आणि एखादी चांगली डिस्क फेकून देण्याची पाळी येणार नाही.