अठ्ठेचाळीस पॉइंट आठ

ग्रिम्सबीच्या गोदीत पोहोचलो तर आधी नाकात शिरली मासळी. धुरी दिलेला हॅडॉक. मिरकरवाड्याची जेट्टी आठवली, फक्त इथल्या थंडीनं वास जरा आखडलेला. एकेकाळी ट्रॉलरांनी गजबजलेल्या या बंदरातून आता पवनचक्क्यांची देखभाल करणारे हॉर्नसीच्या सागरी पवनक्षेत्राकडे निघतात, किनाऱ्यापासून 120 किलोमीटर समुद्रात.

मी आलो होतो गुन्हेगार बघायला. 9 ऑगस्ट 2019 च्या संध्याकाळी ब्रिटनमधल्या सुमारे 11 लाख ग्राहकांची वीज गेली आणि बरीच बोटं वाऱ्याकडे वळली.

"अठ्ठेचाळीस पॉइंट आठ," भेटलेला तंत्रज्ञ म्हणाला. पन्नाशीचा गडी, बाप ट्रॉलरवर होता. ग्रिडची नाडी, म्हणजे वारंवारता, 50 हर्ट्‌झची. त्या दिवशी ती 48.8 पर्यंत उतरली आणि जाळं वाचवण्यासाठी यंत्रणेनं आपोआप काही भागांची वीज तोडली. वीजवाहिनीवर आकाशातली वीज कोसळली होती. लिटल बारफर्डचं गॅसकेंद्रही त्याच वेळी बंद पडलं, ते मात्र कुणाच्या लक्षात नाही. हॉर्नसी 799 मेगावॅटवरून क्षणात 62 वर आलं. वारा पडला नव्हता, व्होल्टेजच्या हेलकाव्यानं चक्क्यांची नियंत्रणप्रणाली बिथरली. पुढे सॉफ्टवेअर बदललं.

नाडी घसरू लागली की तिला सावरतं फिरतं वजन. जातं हातातून सोडलं तरी दोन घेर फिरतं ना, कोळशा-गॅसच्या केंद्रातली अवजड चक्रं ग्रिडला तसाच धीर देतात. पवनचक्कीचं पातंही 75 मीटरचं, चांगलं भारी. पण पातं आणि ग्रिड यांच्यामध्ये वीज बदलून देणारा कन्व्हर्टर बसलेला, त्यामुळे पात्याचं वजन ग्रिडपर्यंत पोहोचतच नाही. ते पोहोचवायला कन्व्हर्टरला शिकवावं लागतं: नाडी घसरली की पात्याच्या गतीतून काही सेकंद उसनी वीज काढायची. उसनीच, कारण मंदावलेलं पातं मग ती परत मागतं. दुसरी युक्ती, पाती किंचित तिरपी ठेवून थोडी ताकद राखून ठेवायची. त्याहून पुढची मजल स्कॉटलंडमधल्या डर्सालॉखच्या, जमिनीवरच्या, चक्क्यांनी 2020 मध्ये मारली: बंद पडलेलं जाळं वाऱ्यावर पुन्हा उठवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

"मग हे सगळीकडे का करत नाही?"

"राखून ठेवलेली वीज म्हणजे न विकलेली वीज," तो म्हणाला. "पैसे द्या, देतो."

मला हे उत्तर आवडलं. वाऱ्याला बेभरवशाचा म्हणणारे त्याच्याकडून भरवसा मागतात, पण किंमत काढायची वेळ आली की खिसे चाचपतात.

दोन आठवडे समुद्रात, दोन घरी. उद्या त्याची पाळी. तेलकट हातांनी त्यानं फोनवर ग्रिडची वारंवारता दाखवली: 50.02, 49.98. त्या दिवसापासून सवय लागली म्हणे. मग त्यानं चहाची किटली लावली. आकडा 49.95 वर घसरला.

"माझ्यामुळे नाही हं," तो म्हणाला, आणि 48.8 ची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.