दाओ, भाला आणि गावाचं नाव

हत्यारांचं वेड लागलेल्या माणसाला नागा दाओ पहिल्या भेटीत निराशच करतो. तलवारीचा डौल त्याला नाही, कट्यारीची कलाकुसर नाही. मुठीपाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद होत जाणारं पातं, शेवट सरळ कापल्यासारखा, मूठ बांबूच्या मुळाची किंवा साध्या लाकडाची, वर वेताची वीण. धार एकाच बाजूनं लावलेली, सुताराच्या पटाशीसारखी. म्यान म्हणावं तर तेही अर्धंच. लाकडाचा ठोकळा कोरून एक बाजू उघडी ठेवलेली असते आणि पातं पडू नये म्हणून वर आडव्या पट्ट्या. हा ठोकळा कमरेला मागच्या बाजूला बांधायचा. कोकणात आकडीला कोयता लटकवून रानात जाणारा माणूस ज्यानं पाहिला आहे, त्याला ही सोय समजावून सांगावी लागत नाही.

दाओनं झूमशेतीसाठी रान तोडतात, घराचे वासे घडवतात, मांस तोडतात, बांबू चिरतात. त्याच दाओनं एके काळी माणसाचं मुंडकंही उतरवलं जाई. संग्राहकाला या शेवटच्या उपयोगाशी कर्तव्य असतं, आणि लिलावातला भाव त्यावरच चढतो. ज्या पात्यानं बहुधा आयुष्यभर लाकूडच फोडलं, त्याच्याखाली ‘शिरच्छेदाचं हत्यार’ अशी चिठ्ठी लागली की रक्कम वाढते.

गेली कित्येक वर्षं मी या वस्तूंच्या मागे आहे. विकत घेण्यासाठी नव्हे. संग्रहालयांच्या सूची, जुन्या अधिकाऱ्यांच्या दैनंदिन्या आणि लिलावांचे कॅटलॉग वाचत राहायचं, एवढंच. नागा म्हणजे एक जमात नव्हे, हे वाचकांना ठाऊक आहेच. आंगामी, आओ, सेमा (आता सुमी), ल्होथा, रेंगमा, चांग, कोन्याक, खियामनियुंगन, तांगखुल, झेमी अशा अनेक जमाती आहेत, भाषा वेगळ्या आणि हत्यारंही वेगळी. पूर्वेकडच्या कोन्याक आणि चांग लोकांत आडवं धनुष्य सापडतं. आंगामी भाल्याच्या दांड्यावर बकऱ्याचे तांबडे-काळे केस गच्च बसवलेले असतात. रेंगमा लोहारांच्या कामाला शेजारच्या जमातींतही मान होता. केसांचा तांबडा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या वेलीच्या मुळांचा, दागिन्यांतला पिवळा रंग ऑर्किडच्या वाळवलेल्या देठांचा. अस्सल आणि नक्कल ओळखायची पहिली खूण हा रंगच. बाजारी रासायनिक लाल भडक असतो आणि सगळीकडे सारखा. मुळांचा लाल जागोजागी उतरलेला दिसतो.

हे नागा डोंगर जगापासून तुटलेले होते, अशी एक लाडकी समजूत आहे. गळ्यातल्या माळांनी ती केव्हाच खोटी पाडली आहे. त्यांतले लांबट लाल मणी अकीकाचे, गुजरातेत खंभातच्या कारागिरांनी घासलेले. शंख समुद्राचे. कवड्याही समुद्राच्याच, आणि आंगामी योद्ध्याच्या काळ्या कमरवस्त्रावर त्यांच्या ओळी शिवलेल्या. खंभातचा मणी कोलकात्यामार्गे आसामच्या मैदानात आणि तिथून हातोहात डोंगरावर चढे.

अंगावर काय घालायचं याचेही कायदे होते. धनेशाची काळ्या पट्ट्याची पांढरी पिसं, रानडुकराचे सुळे, विशिष्ट शाल हे सगळं कमवावं लागे. आओंच्या त्सुंगकोतेप्सू शालीच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर हत्ती, वाघ, मिथुन (गव्याच्या जातीचा बैल), कोंबडा, दाओ, भाला आणि माणसांची मुंडकी रंगवलेली असतात. मुंडकं आणणाऱ्याला किंवा मिथुनाचा बळी देऊन गावजेवण घालणाऱ्यालाच ती पांघरायचा अधिकार. कोन्याकांच्या छातीवरच्या पितळी मुखवट्यांची संख्याही मोजूनच घातलेली असे. संग्राहकाच्या भिंतीवर हा सगळा हिशेब पुसला जातो. उरते फक्त शोभा.

संग्रहाचा इतिहास तसा लांब आहे. पहिली पन्नास वर्षं भराभर ओलांडतो. १८७०च्या दशकात सर्वेक्षणाला आलेले वुडथॉर्प चित्रं काढत आणि वस्तू जमवत फिरले. १८७९मध्ये पोलिटिकल ऑफिसर डॅमंट खोनोमा गावाच्या वेशीवर मारले गेले. पुढच्या वर्षी खोनोमाचा प्रतिकार संपला आणि डोंगरांवर इंग्रजांचा अंमल बसला. त्यानंतर रंगमंचावर येते ती खरी जोडगोळी, जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स.

दोघंही आयसीएस. हटन कोहिमाला डेप्युटी कमिशनर, मिल्स मोकोकचुंगला उपविभागीय अधिकारी. दोघांनी मिळून आंगामी, सेमा, ल्होथा, आओ आणि रेंगमांवर जे ग्रंथ लिहिले, ते आजही टाळता येत नाहीत. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाचे क्युरेटर हेन्री बालफोर त्यांचे स्नेही. १९२२मध्ये बालफोर स्वतः नागा डोंगरांत येऊन हिंडले. आज त्या संग्रहालयात सुमारे साडेसहा हजार नागा वस्तू आहेत आणि त्यांतला मोठा वाटा या दोन अधिकाऱ्यांचा आहे.

मिशनऱ्यांशी झालेलं त्यांचं एक भांडण मला फार बोलकं वाटतं. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी १८७०च्या दशकापासून आओ गावांत होते. बाटलेल्यांना तांदळाची दारू बंद, गावजेवणं बंद, तरुणांचे मोरुंग (सामायिक वसतिगृहं) बंद आणि मानाच्या शालीही बंद. मिल्स यावर चिडले. ‘द आओ नागाज’ या १९२६च्या ग्रंथात त्यांनी मिशनवर केलेली टीका एका सरकारी अधिकाऱ्याच्या मानानं चांगलीच झोंबरी आहे. मिशन लोकांची संस्कृती मोडत आहे, हा त्यांचा आरोप खोटा नव्हता. मात्र आपल्याच राजवटीनं युद्ध बंद करून या सगळ्या प्रतिष्ठेच्या मुळाशीच कुऱ्हाड घातली, याचा राग त्यांना तितकासा आलेला दिसत नाही. धर्मांतरित घरातून टाकून दिलेली वस्तू ऑक्सफर्डला पोचवणारा साहेब रक्षणकर्ता ठरतो. मला ही भूमिका अर्धीच पटते. उरलेलं अर्धं का पटत नाही, ते १९३६च्या एका मोहिमेनं उघडं पडतं.

ब्रह्मदेशाच्या सीमेलगत पांग्शा नावाचं खियामनियुंगन गाव होतं, ब्रिटिश अंमलाच्या बाहेरचं. शेजारच्या गावांवर छापे घालून माणसं गुलाम म्हणून पळवायची आणि मुंडकी आणायची, अशी त्याची ख्याती. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात मिल्स आसाम रायफल्सची तुकडी घेऊन पांग्शावर निघाले. वाटेत रोज रात्री तंबूत बसून ते पत्नीला पत्रं लिहीत. ही पत्रं त्यांच्या मुलीनं १९९५मध्ये ‘द पांग्शा लेटर्स’ या नावानं प्रसिद्ध केली. ग्रंथांतले मिल्स शास्त्रज्ञ आहेत, पत्रांतले मिल्स नवरा आहेत आणि मोहिमेचे पुढारीही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. एकातला मानववंशशास्त्राचा थंडपणा दुसऱ्यात टिकत नाही.

या मोहिमेत सत्तावीस वर्षांचा एक ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञही होता, क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणानं माहीत असेल. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला निजामाच्या राज्यात राहावं लागलं आणि तिथं त्यानं आदिलाबादच्या राजगोंडांवर काम केलं. पण ते पुढचं. १९३६मध्ये तो कोन्याकांच्या वाकचिंग गावात मुक्काम टाकून होता.

पांग्शा जाळलं गेलं. परत फिरणाऱ्या तुकडीवर गावकरी भाले आणि दाओ घेऊन अगदी जवळून तुटून पडले आणि बंदुकांनी त्यांना मागे रेटलं. पळवून नेलेल्या माणसांची सुटका झाली. जाळपोळीआधी हाइमेनडॉर्फनं पांग्शाकरांनी टांगलेली मुंडकी काढून घेतली होती, संग्रहालयासाठी नमुने म्हणून. मोहीम संपल्यावर ती घेऊन तो वाकचिंगला परतला.

मग जे घडलं, ते त्यानं स्वतःच ‘द नेकेड नागाज’ या पुस्तकात मोकळेपणानं सांगितलं आहे. इंग्रजांच्या बंदीमुळे वाकचिंगला कित्येक वर्षं मुंडकं आलेलं नव्हतं. तरुणांना योद्ध्याची आभूषणं घालायचा हक्कच मिळत नव्हता. आता गोरा साहेब शत्रूच्या गावातून मुंडकी घेऊन आला म्हटल्यावर गाव हरखलं. छोटासा तुकडा मिळाला तरी विधी पुरा होतो, म्हणून त्यांनी तुकडे मागितले, आणि त्यानं दिले. लाकडी नगारा वाजला, नाच झाला, मान वाटले गेले. म्युझियमचा नमुना आणि विजयाचं मुंडकं यांत वाकचिंगच्या लोकांना काहीच फरक दिसला नाही.

त्यांची चूक झाली, असं मला वाटत नाही. साहेब शत्रूच्या गावावर चालून गेला, गाव जाळलं, मुंडकी आणली आणि आपल्या लोकांत वाटली. वाकचिंगच्या नजरेनं पाहिलं तर हा नामांकित योद्धाच होता, फक्त त्याचा मोरुंग व्हिएन्नात होता.

मुंडक्यांनंतरची दुसरी वस्तूही हत्यार नाही, पण तिच्याविना ही गोष्ट अर्धवट राहते. ऑक्टोबर १९३२मध्ये झेलियांगरोंग नागांच्या ब्रिटिशविरोधी चळवळीची तरुण नेत्री गाइदिनलिउ पकडली गेली. जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. पुढे तिला राणी ही पदवी नेहरूंनी दिली. तिच्याकडच्या वह्या जप्त झाल्या आणि आज त्या पिट रिव्हर्समध्ये आहेत. पानंच्या पानं एका लिपीसारख्या खुणांनी भरलेली, आणि कोणालाही त्या वाचता आलेल्या नाहीत. जप्तीचा माल आणि संग्रहाचा नमुना यांच्यातली रेघ इथं शोधून सापडत नाही.

एवढं सगळं मांडल्यावर हटन-मिल्स यांना सरळ लुटारू म्हणून मोकळं व्हावं, असा मोह होतो. तसं म्हणता येत नाही, कारण त्यांनी लिहून ठेवलं. कुठलं गाव, कुठली जमात, वस्तू कशाला वापरतात, कोण घालू शकतं. या तपशिलांमुळेच नागा अभ्यासक आज ऑक्सफर्डच्या कपाटासमोर उभे राहून ‘हे आमच्या गावचं’ असं म्हणू शकतात.

बाजारानं नेमकं हेच पुसलं. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत चर्च पसरलं, जुन्या वस्तूंची लाज वाटू लागली. व्हेरिअर एल्विन, जे १९२७मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले आणि पुढे ईशान्य सीमाप्रांताचे सल्लागार झाले, ते या लाजेविरुद्ध लिहीत राहिले. पण दिल्ली-कोलकात्याच्या दुकानांना लेखांशी काय देणंघेणं? माळा, पितळी मुखवटे, भाले पोत्यांनी खाली उतरले. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपुढच्या वस्तू परदेशी नेण्यावर बंधन घातलं, पण बहुतेक नागा वस्तू त्या वयाच्या आतल्याच. धनेशाची पिसं आणि अस्वलाची कातडी यांना १९७२चाच वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि अनेक हौशी संग्राहकांना तो उशिरा आठवतो. व्यापाऱ्याच्या वहीत गावाचं नाव नसतंच. तिथं असते ‘नागा’ ही एक जमात आणि ‘एकोणिसावं शतक’ हा एक काळ.

२०२०मध्ये पिट रिव्हर्सनं मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. संग्रहालयाच्या एकूण संग्रहात नागांचे दोनशेहून अधिक अवशेष आहेत. फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन ही संस्था त्यावर गावोगावी बोलते आहे. पुरायचे की ठेवायचे, आणि ख्रिस्ती झालेल्या गावानं हे कुठल्या विधीनं करायचं, असे प्रश्न आहेत. मुंडकं ज्याचं आणि आणलं ज्यानं, ती दोन गावं वेगवेगळी असतात, हा पेच तर सर्वांत अवघड. जून २०२५मध्ये नागा शिष्टमंडळ ऑक्सफर्डला जाऊन आलं. बोलणी तपशिलावर चालू शकतात, कारण तिथं नोंदी आहेत.

ऑक्टोबर २०२४मध्ये ऑक्सफर्डपासून जवळच, टेट्सवर्थ गावातल्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा कवटी विक्रीला आली. अपेक्षित किंमत साडेतीन ते चार हजार पौंड. नागालँडचे मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, संघटनांनी निषेध केला आणि ती वस्तू यादीतून काढली गेली. ओळख म्हणून शतक होतं, जमात होती. गाव नव्हतं. ती परत द्यायची ठरली, तरी कोणत्या गावच्या वेशीवर न्यायची, याचं उत्तर त्या चिठ्ठीत मिळत नाही.