विश्लेषण : फुकट मिळूनही ‘लिनक्स’ घरोघरी का पोहोचत नाही?

विंडोज १० या प्रणालीचा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक जुने संगणकही सुरक्षा अपडेटविना राहण्याची वेळ आली. यातील बहुतेक संगणकांवर लिनक्स फुकटात चालू शकते. तरीही सामान्य वापरकर्ता तिच्याकडे का वळत नाही?

लिनक्स म्हणजे नेमके काय?

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. त्याचा सोर्स कोड कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा या त्यावर उभ्या राहिलेल्या प्रणाली. अँड्रॉइड फोनमध्येही हाच कर्नल आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी २०१७ पासून पूर्णपणे लिनक्सने व्यापली आहे. घरच्या आणि ऑफिसच्या संगणकांत मात्र तिचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. म्हणजे प्रश्न कुवतीचा नाही.

मग अडते कुठे?

पहिले कारण दुकानातच सापडते. बहुतेक लॅपटॉप विंडोज घालूनच विकले जातात. प्रणाली ‘निवडायची’ असते, हेच अनेकांना ठाऊक नसते. लिनक्ससाठी पेन ड्राइव्ह तयार करणे, बायोसमध्ये जाणे, डिस्कचे पार्टिशन करणे या पायऱ्या कराव्या लागतात. त्यात चूक झाली तर फोटो, कागदपत्रे पुसली जाण्याची भीती असते.

‘फुकट’ या गुणाचेही आपल्याकडे फारसे आकर्षण नाही. नव्या लॅपटॉपच्या किमतीत विंडोज धरलेलेच असते आणि जुन्या संगणकावर गल्लीतला दुरुस्तीवाला अनेकदा विनापरवाना प्रत टाकून देतो. ती प्रत बेकायदा आणि धोक्याची असली, तरी ग्राहकाला फरक दिसत नाही.

सॉफ्टवेअरचे काय?

बहुतेकांना प्रणालीशी देणेघेणे नसते, काम होण्याशी असते. छोट्या व्यापाऱ्याचे हिशेब टॅलीवर असतात, आणि टॅली विंडोजसाठी बनते. फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही. लिबरऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण कधी तक्ता सरकतो, कधी फॉण्ट बदलतो. युनिकोडमधील मराठी लिनक्सवर व्यवस्थित टाइप होते. अडचण येते ती डीटीपीवाल्यांच्या युनिकोडपूर्व फॉण्टमधील जुन्या फायलींची. एखादा प्रिंटर किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालले नाही, तरी अख्खा बदल फसतो.

शिवाय बिघाड झाला तर विचारायचे कोणाला? विंडोज जाणणारा शेजारी, भाचा किंवा दुकानदार सहज सापडतो. लिनक्स जाणणारा शोधावा लागतो.

सरकारी पातळीवर बदल टिकतो का?

जर्मनीतील म्युनिक शहराने २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले. मात्र फायलींच्या देवाणघेवाणीबाबतच्या तक्रारी आणि बदललेले राजकीय नेतृत्व यांमुळे २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. केरळमध्ये उलटे घडले. तेथील सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि ते टिकले. कारण प्रणालीबरोबरच शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि दुरुस्तीची व्यवस्थाही उभी राहिली. भारतातील सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली तयार केली आहे. पण केवळ प्रणाली उपलब्ध असणे पुरेसे नसते, हेच यातून दिसते.

वापरकर्त्याने काय करावे?

ब्राउझर, ईमेल, व्हिडीओ आणि साधे टायपिंग एवढेच काम असेल, तर लिनक्स पुरेसे आहे. उबुंटू किंवा मिंट पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहता येते. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड तपासावा. सारे जमले, तर बॅकअप घेऊन मगच इन्स्टॉल करावे. रोजचे काम टॅली किंवा फोटोशॉपवर असेल, तर मात्र घाई करू नये. पण विंडोज १० चा जुना संगणक अपडेटविना वापरत त्यावर बँकेचे व्यवहार करणे हा सर्वांत जोखमीचा पर्याय आहे.