डबा टीव्हीवर गेमिंग? जमतंय की राव!

सुट्टीत पुण्याच्या रूमवरून जुन्नर, नारायणगाव किंवा मंचरला घरी निघालात? मग बॅगेत कन्सोलही टाका. घरी जुना डबा टीव्ही आहे म्हणून अडू नका, नव्या टीव्हीचा खर्चही काढू नका.

टीव्हीवरच्या पिवळ्या भोकात चित्राची पिन, पांढऱ्या-लालमध्ये आवाजाची. लाल नसेल तर नुसती पांढरी लावा. पीएस-टूचं काम एव्ही केबलवर भागतं. पीएस-थ्रीचंही भागतं, स्क्रीन काळीच राहिली तर कन्सोल बंद करून पॉवर बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरा.

पीएस-फोरला फक्त एचडीएमआय. त्याला 'एचडीएमआय टू एव्ही' कन्व्हर्टर लागतो. 'एव्ही टू एचडीएमआय' उलट्या कामाचा, तेव्हा दुकानात नाव नीट वाचा. त्याला यूएसबीने वीज द्या, बटण 'पाल'वर ठेवा.

फुल एचडीत 1080 ओळी, इथे जेमतेम 576. त्यामुळे बारीक अक्षरं पुसट दिसणारच. फुटबॉल, फायटिंग मात्र झकास!

एकच पथ्य पाळा: टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. प्लग काढला तरी आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.