मागून बहिरा असलेला माईक

चोरबाजारातल्या विक्रेत्याने माईक माझ्यासमोर टेबलावर दाणकन आपटला आणि म्हणाला, "लोहा है साहब, कुछ नहीं होगा." लोखंड नव्हतंच ते. ओतीव मिश्रधातूची पेटी, वर क्रोमचा मुलामा आणि पुढे उभ्या पट्ट्यांची जाळी. जुन्या चित्रपटांत क्लबमधली गायिका ज्याच्यासमोर उभी राहायची, तोच हा माईक. परदेशात त्याला 'एल्व्हिस माईक' म्हणतात. कंपनीच्या कागदावर त्याचं नाव शूअर युनिडाइन, मॉडेल 55. माझ्या हाती लागलं ते त्याचं 1951 नंतरचं धाकटं भावंड, 55 एस.

आपटण्याने पेटीला काही होत नाही हे खरं. मात्र आतल्या पडद्याला चिकटलेली कॉइल केसापेक्षा बारीक तारेची असते, आणि ती चुंबकाच्या ज्या फटीत तरंगते ती मिलिमीटरचाही अंश असते. विक्रेत्याला हे सांगण्यात अर्थ नव्हता. भाव ठरला, मी माईक रद्दी पेपरात गुंडाळून घरी आणला.

डायनॅमिक माईक म्हणजे उलटा चालवलेला स्पीकर. आवाजाने पडदा हलतो, त्याच्यासोबत चुंबकाच्या क्षेत्रात कॉइल हलते आणि तारेत वीज तयार होते. बॅटरी लागत नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1931 मध्ये असा माईक बाजारात आणला. बेल लॅबोरेटरीजमधल्या वेंट आणि थुरास यांचं ते काम. त्या काळात स्वस्तात मिळायचे ते क्रिस्टल माईक. त्यांत रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो आणि ओल व उष्णता हे त्याचे दोन शत्रू. कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर अशा माईकमध्ये दुरुस्त करण्यासारखं फारसं उरत नाही. डायनॅमिक माईकमध्ये मात्र सत्तर वर्षांनीही जीव असू शकतो.

तो आहे का, हे बघण्याची एक सोपी युक्ती आहे. माईक कानाजवळ धरायचा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याची टोकं माईकच्या पिनांना लावायची. बारीकशी 'टिक' आली तर पडदा हलतोय. नुसत्या आकड्यावर विसंबू नये. या माईकच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि पिनांवर मीटर जे मोजतो ते ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं. त्यामागची कॉइल तुटलेली असली तरी मीटर खुशाल बरोबर आकडा दाखवतो. माझ्या माईकने टिक केलं. खरं सांगायचं तर त्या रात्री मी ते पाच-सहा वेळा ऐकलं.

मग मिक्सरला जोडल्यावर आवाज धड का येत नव्हता? पहिलं कारण हास्यास्पद निघालं. 55 एसवर इम्पिडन्सचा एक छोटा स्विच असतो: एल, एम आणि एच. आजच्या मिक्सरला मधला लागतो आणि माझा होता एलवर. 'मेलेले' म्हणून विकले जाणारे कितीतरी माईक या स्विचवर अडलेले असतात.

दुसरं कारण जाळीच्या आत होतं. पुढचा भाग सोडवला तर आतला फोम चिकीच्या गुळासारखा झालेला: वरून कोरडा, आतून चिकट, बोट लावलं की भुगा. पॉलियुरेथेन फोमचं दमट हवेत असंच होतं. एखाद्या रेडिओ केंद्राच्या कपाटात जपून ठेवलेल्या माईकचीही यातून सुटका नाही, कारण फोम वापराने झिजत नाही, नुसत्या वयाने विरघळतो. हा भुगा पडद्यावर साचला की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. इथे माणसाला फुंकर मारायचा मोह होतो. माझ्या पहिल्या माईकचा पडदा मी असाच फाडला होता. आता मऊ कुंचला, चिमटा आणि भिंग घेऊन बसतो, आणि पेचकस पितळी वापरतो. पोलादी पेचकस चुंबकाजवळ नेला की तो हातातून निसटून थेट पडद्यावर आपटतो. टेबलावर लोखंडाचा कीस असेल तर तोही फटीत जाऊन बसतो, तो मग चिकटपट्टीच्या टोकाने एकेक कण टिपून काढावा लागतो. चुंबक मात्र सुटा करायचा नाही. त्या काळातल्या अनेक माईकमध्ये अल्निको चुंबक आहेत. जोड उघडला की त्यांची ताकद उतरते आणि परत जोडल्याने पूर्ण भरून येत नाही.

साफसफाई झाली, नवा फोम बसला, माईक बोलायला लागला. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि स्पीकर जरा मोठा करताच तो किंचाळायला लागला.

इथे या माईकची खरी गोष्ट सुरू होते. 1939 च्या आधी एकाच दिशेने ऐकणारा माईक हवा असेल तर सहसा एका पेटीत दोन वेगवेगळे घटक बसवावे लागत. एक दाबाला प्रतिसाद देणारा, एक वेगाला, आणि दोघांची बेरीज. असा माईक जड आणि महाग. शिकागोच्या शूअर ब्रदर्समध्ये ओदेसात जन्मलेला एक तरुण इंजिनिअर होता, बेंजामिन बाउमत्स्वायगर. पुढे त्याने आडनाव बाउअर असं आटोपशीर केलं. त्याने हे काम एकाच पडद्यावर भागवलं. पडद्याच्या मागच्या अंगाला त्याने वाट ठेवली, पण ती आडवाटेची: कापडाच्या अडथळ्यातून आणि छोट्या पोकळीतून जाणारी, म्हणजे आवाजाला मुद्दाम उशीर करणारी. मागून येणारा आवाज पुढच्या बाजूला वळसा घालून पोहोचतो, तेवढ्याच वेळात तो आतल्या आडवाटेनेही पोहोचतो. दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने ढकललेलं दार जसं हलत नाही, तसा पडदाही हलत नाही. पुढचा आवाज मात्र एका बाजूला आधी लागतो आणि दार उघडतं. या माईकच्या ऐकण्याचा नकाशा काढला तर तो पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो, खाच मागच्या बाजूला. तेव्हा बाउअर पंचविशीतला होता.

सभेत, तमाशात, कीर्तनात कर्णा श्रोत्यांच्या बाजूला ठेवतात, वक्त्याच्या मागे नाही, कारण कर्ण्याचा आवाज परत माईकमध्ये शिरला की शिट्टी बसते. ज्या माईकला मागचं ऐकू येत नाही, तो वक्त्याकडे तोंड करून उभा केला की त्याची पाठ आपोआप श्रोत्यांकडे आणि कर्ण्यांकडे होते. लाउडस्पीकरच्या युगाला हवा होता तो हाच बहिरेपणा. माझ्या मते पुढच्या सगळ्या स्टेज माईकची, एसएम 58 सकट, मुळं इथेच आहेत.

माझ्या माईकचा हा बहिरेपणा गेला होता. मागची बाजू भिंगाखाली धरली तेव्हा कारण दिसलं. कुणा आधीच्या कारागिराने निघालेलं कापड नीट बसावं म्हणून पिवळ्या गोंदाचा सढळ हात फिरवला होता आणि मागची वाट बुजली होती. माईक चारी बाजूंनी सारखं ऐकत होता. मनापासून आणि स्वच्छ केलेलं काम होतं ते. जुन्या वस्तूंचं जास्त नुकसान हयगयीने होतं की अशा स्वच्छ कामाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गोंद काढायला दोन आठवडे लागले, रोज जेवणानंतर अर्धा तास. मग कापड. जाड लावलं तर वाट बंद, पातळ लावलं तर उशीर पुरत नाही. एका जुन्या रेशमी काठाचा मागचा पातळ भाग कापून बघितला, मग दोन थर, परत एक. प्रत्येक वेळी माईक गच्चीवर नेऊन स्टँडवर लावला, समोर इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी ठेवली आणि माईक हळूहळू फिरवत मीटरचा काटा बघितला. खोलीत हे करून उपयोग नाही, भिंती आवाज परतवतात. एका पट्टीवरही भागत नाही. काळी एकला मागून छान बहिरा असलेला माईक वरच्या सप्तकात सगळं ऐकत बसतो. शेवटी एका थरावर काटा मागे सगळ्यात खाली गेला. कारखान्यातल्याइतका? नाही. पण शिट्टी थांबली.

या माईकच्या पेटीत एसएम 58 चा नवा घटक बसवून 'रिस्टोअर्ड' म्हणून विकणारेही आहेत. गाणाऱ्याला रोज वापरायचा असेल तर ते शहाणपणाचंच आहे. फक्त विकताना तसं सांगावं. क्रोमचं पॉलिशही मी करत नाही. खड्डे तसेच आहेत.

जुन्या माईकच्या शोधात असणाऱ्यांसाठी एक आडवळण. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या सभांच्या छायाचित्रांत माईकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते, आणि ती बघून अनेकांना वाटतं की हा अमेरिकन माल. शिकागो रेडिओ ही मोटवाने कुटुंबाची मुंबईची कंपनी. मूळ सिंधमधलं हे कुटुंब काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवायचं. त्यांचा कारखाना पुढे नाशिकरोडला झाला. म्हणजे पाटीवर शिकागो असलेला माईक मुंबईच्या पुरवठादाराचा, आणि खरोखर शिकागोत बनलेल्या युनिडाइनवर नाव शूअरचं. पाटीवरून आतला घटक कोणता ते कळत नाही. त्यासाठी पेटी उघडावी लागते.

तुमच्या गणेश मंडळाच्या किंवा शाळेच्या माळ्यावर असा एखादा धूड माईक पडलेला असेल तर भंगारात देऊ नका. आधी स्विच बघा, मग मीटर लावून टिक ऐका. उघडणारच असाल तर प्रत्येक पायरीचा फोटो काढा, निघालेलं कापड कितीही कुजकं असलं तरी काडेपेटीत जपून ठेवा, कारण त्याची वीण आणि जाडी हाच नव्या कापडाचा नमुना आहे. आणि कृपा करून फुंकर मारू नका.